चौकटीचौकटीचा झगा

“बाळाला आपण नाव ठेवायचं नाही. नाव ठेवायला त्याचे घरचे येतात. आपण हात धुवायचे आणि काम करायचं.”

आमच्या जुन्या मोठ्या सिस्टर हे सांगायच्या, तेव्हा मी हॉस्पिटलच्या या खोलीत आया म्हणून नवी होते. त्या स्वतः कोपरापर्यंत साबण लावून हात धूत असायच्या आणि बोलायच्या भिंतीकडे बघून, म्हणजे समोरच्याला लागू नये. कारण सवय आम्हा सगळ्यांनाच होती. नवजात बाळांना नावं नसतात, मग इथे कुणी ‘पैलवान’ होतो, कुणी ‘रडूबाई’, कुणी डोळे मिटून सारखा विचार करतो म्हणून ‘मास्तर’. आईबापही हसतात. त्यात वाईट काही नाही, असं मी तेव्हा मनातल्या मनात म्हणायचे.

मग ती मुलगी आली. आमच्या खोलीत पोचायच्या आधीच तिचं नाव पडलेलं होतं.

मी काचपेटी तापवून, आत ओल धरून तयार ठेवली होती. तिला आणून ठेवलं तेव्हा पेटीची काच धुरकटलेली, म्हणून मला ती आधी नीट दिसली नाही. दिसली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. ते तिच्यासाठी घेतलं की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही. तिच्या सगळ्या अंगावर जाड, पिवळट, ताणलेली कातडी होती, वाळलेल्या चिखलासारखी. ती ठिकठिकाणी फाटून आत लालभडक भेगा पडलेल्या. भेगांच्या मधल्या तुकड्यांना पत्त्यातल्या चौकटचा आकार आलेला. पापण्या बाहेर उलटलेल्या, त्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन लाल गाठी. ओठ ओढले गेलेले, तोंड मिटतच नव्हतं. झटकन बघितलं तर वाटायचं, हसतेय. ती हसत नव्हती.

माझं काम साधं होतं. थोड्या थोड्या वेळाने पेटीच्या खिडकीतून हात घालायचे आणि तिच्या अंगाला मलम लावायचं, म्हणजे कातडी आणखी फाटणार नाही. नळीतून आईचं दूध द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी मला सगळं एकदा करून दाखवलं आणि म्हणाल्या, “मावशी, तुमचे हात हलके आहेत, म्हणून तुम्हाला सांगतेय. ही जगली तर तुमच्या हातांवर जगेल, आणि गेली तर त्यात तुमच्या हातांचा दोष नसेल.” असं कुणी आधीच सांगून ठेवतं तेव्हा माणसाला बळ येतं.

मुलीच्या बापाला त्यांनी त्याच खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. दुसरीकडे बसायला जागा नव्हती. मी कापूस उकळत्या पाण्यातून काढत होते, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर पडलं.

“या आजाराचं पुस्तकातलं नाव हार्लेक्विन आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“नुसतं नाव आहे” असं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. पण विचारलेल्याला उत्तर द्यायचंच, अशी ती बाई. “जुन्या काळी परदेशातल्या नाटकांत एक विदूषक असायचा. अंगात रंगीबेरंगी चौकटींचा पोशाख. बाळाच्या कातडीवरचे तुकडे बघून कुणाला तरी तो आठवला. मला हे नाव आवडत नाही. पण तेच रूढ आहे.”

त्याने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाला, “लाल, पिवळा, हिरवा?”

“काय?”

“चौकटी. मी भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात कापड कापतो, बाई. राजा, शिपाई, वाघ, विदूषक. विदूषकाचा झगा मीच बेततो. चौकटी कापायच्या आणि जोडायला घरी न्यायच्या.”

“घरी कोण जोडतं?”

“हीच. बाळाची आई.”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “नीट ऐका. त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे रक्तातून येतं. आई आणि बाप दोघांकडेही एकेक बारीक दोष असतो. दोघं धडधाकट असतात, आयुष्यभर कळतही नाही. दोन्हीकडून तो एकाच मुलात आला, तरच असं होतं. तुमचं लग्न नात्यात झालंय का?”

“माझ्या मामाची मुलगी आहे ती.”

“मग असं व्हायची शक्यता थोडी वाढते. एकट्या तिच्यामुळे नाही, एकट्या तुमच्यामुळेही नाही. हे तिला कळायला हवं. मी सांगू की तुम्ही सांगाल?”

“मी सांगतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या खोलीत जाऊन तिला विचारलंही, नवऱ्याने सगळं सांगितलं ना म्हणून. तिने मान हलवली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, झालं काम.

‘विदूषक’ हा शब्द मात्र खोलीबाहेर पडून सगळीकडे गेला. चहा घ्यायला बाहेर पडले तर वॉचमन म्हणाला, “काय मावशी, तुमचा विदूषक काय म्हणतोय?”

“मुलगी आहे ती.”

“बरं, विदूषकीण काय म्हणतेय?”

आणि स्वतःच हसला. माणूस वाईट नाही, स्वतःच्या नातवंडांसाठी जीव टाकतो. सफाईवाली एरवी माझ्या खोलीत यायला कुरकुर करायची, ती आता फडकं घेऊन रोज आधी माझ्याकडेच. वरच्या मजल्यावरची माणसं काचेला नाक लावून उभी राहू लागली. एक जण दुसऱ्याला सांगत होता, “पत्त्यांच्या जोडात एक जोकर असतोच की.” मी आतून पडदा ओढला, तर बाहेरून आवाज आला, “काय हो, जरा बघू द्या ना, आम्ही काय तिकीट चुकवतोय का?”

तो शब्द तसा कुठेही खपतो. वर्गात एखादा पोरगा हसवतो, मास्तर त्याला विदूषक म्हणून बाकावर उभं करतात. साहेबाची पाठ वळली की कारकून साहेबाला म्हणतात. आम्हीच नाही का, एखादा रंगीत शर्ट घालून आला की त्याला तेच चिकटवतो आणि विसरून जातो. ज्याला चिकटवला तो घरी गेला की शर्ट काढून ठेवतो. इथे काढून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

दूध आणायला मी वरच्या मजल्यावर जायचे. मुलीच्या आईची खाट खिडकीजवळ होती आणि शेजारी स्टुलावर तिची सासू. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच. थकलेली, ओठ घट्ट मिटलेली बाई, पण सुनेच्या पाठीला उशी सरकली तर स्वतः उठून लावायची.

“बाई, तुम्हीच सांगा,” त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “पोटात जीव असताना चांगलं बघावं की नाही? चांगलं हातात धरावं की नाही? ही बसली विदूषकाचे झगे शिवत. अगदी दिवस भरत आले तरी. पोटावर झगा पसरायचा आणि चौकटीला चौकट जोडायची. मग पोरीच्या अंगावर दुसरं काय उमटणार? डॉक्टरच म्हणतायत, विदूषकाचा आजार म्हणून. माझ्या लेकाने मला सांगितलं.”

“आत्या, शाळांची नाटकं होती,” सून हळूच म्हणाली. “दुकानातून सारखा निरोप यायचा.”

“निरोप यायचा! तोंड नव्हतं का, नाही म्हणायला? मी तुझी सासू नंतर, आत्या आधी. म्हणून बोलते. परकी असते तर गप्प बसले असते.”

आणि हे बोलता बोलता त्या रडायला लागल्या. सुनेनेच त्यांना पाणी दिलं.

मी म्हटलं, “बाळाला बघायला खाली या की. दारातूनच बघा हवं तर.”

“नको मावशी. दूध मी काढून देईन, हवं तेवढं. पण मला खाली बोलावू नका.”

“का गं?”

“बघितलं की हात लावावासा वाटेल. या हातांनीच झालंय ते. पुन्हा लावले तर आहे तेवढंही जाईल.”

तिने बाटली माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात परत चादरीखाली घेतले. घेताना मला बोटं दिसली. टोकं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली. चादरीचं टोक तिने बोटांभोवती गुंडाळून घेतलं, जखम झाकावी तसं.

मी जिन्यातच थांबले. आजाराविषयी आम्ही आयांनी बोलायचं नाही, हा नियम आहे आणि तो बरा आहे. नाहीतर जो तो आपली अक्कल पाजळेल. पण मला अडवत होतं ते वेगळंच. मी सांगितलं असतं तर तिला बाळाचं कळलं असतं, आणि त्याबरोबर हेही कळलं असतं की नवऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याने तिला तसंच जळत ठेवलं. बाळ जगेल न जगेल. नवऱ्याबरोबर तिला पुढचं सगळं आयुष्य काढायचं होतं. हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

तो खालच्या बाकावर बसून असायचा. रिकाम्या हातांनी बसायची सवय नव्हती त्याला. पिशवीच्या सुटलेल्या बंदाला गाठ मार, बाकावरचा धागा ओढ, असं चालायचं. मी शेजारी बसले की बोलायचा. “आमच्या दुकानात, मावशी, विदूषक म्हणजे नुसता एक हँगर. संध्याकाळी मालक विचारणार, आज किती गेले? मी सांगणार, दोन राजे गेले, तीन विदूषक गेले, वाघ परत आला, शेपूट नाही. राजापेक्षा विदूषक जास्त चालतो. राजा मोठ्यांनाच बसतो, विदूषक कुणालाही. ढगळ असतो ना.” मग पुन्हा बाकावरचा धागा ओढायचा.

एक दिवस मी विचारलंच. “बायकोला काय सांगितलंत?”

“कातडीचा आजार आहे म्हणून.”

“आणि तो कुठून येतो ते?”

तो बंदाची गाठ सोडू लागला.

“तुमच्या आई तिला काय बोलतायत, ऐकलंय तुम्ही?”

“ऐकलंय.”

“मग?”

“मावशी, माझा मामा अंथरुणाला खिळला होता. आईने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, तुझी पोर मी माझ्या घरात नेते, तिला परक्याच्या दारात उभी राहू देणार नाही. तो त्यानंतर निवांत गेला. माझ्या आईने आयुष्यात एकच गोष्ट अशी केली की जी आठवून ती शांत झोपते. आता मी तिला जाऊन सांगू, की तू आम्हा दोघांना एकत्र आणलंस, म्हणून हे झालं?”

“डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत.”

“आई तसंच ऐकणार. तुम्ही ओळखत नाही तिला.”

खोटं नव्हतं ते. मला त्याची कीव आली आणि तरीही मी म्हटलं, “म्हणजे आईची झोप टिकावी म्हणून बायकोने जागं राहायचं.”

“मी तिला कधी दोष दिला नाही.”

“नाही दिलात. शेजारी उभे राहून बघितलंत.”

माझा आवाज चढत नाही. चढला असता तर कदाचित त्याला कमी लागलं असतं. तो उठून उभा राहिला.

“मावशी, तुम्ही तुमचं काम करा.”

“करते. पण एक सांगून ठेवते. मी आपणहून तिला काही सांगणार नाही. तिने मला विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही. रोज सकाळी एवढं एकच मागून मी घराबाहेर पडते, की आज तोंडून खोटं जाऊ नये. ती विचारत नाही, म्हणून माझी सुटका होते. ही सुटका मला आवडत नाही.”

तो दाराबाहेर निघून गेला. मी आत येऊन हात धुतले.

त्यानंतर तो बाकावर दिसेनासा झाला. फाटकाजवळ उभा राहायचा, मी बाहेर आले की पाठ करायचा. मुलगी मात्र झुंजत होती. कधी वाटायचं, भेगा थोड्या मऊ पडल्यात. नळीतून गेलेलं दूध पोटात टिकायचं. मी मलम लावताना तिचा श्वास जरा संथ व्हायचा. मला माहीत आहे, आपल्याला जे हवं तेच दिसतं. तरी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि त्याही “हो, संथ होतो” म्हणाल्या.

मग एका दुपारी तिला ताप चढला. अशा कातडीतून काहीही आत शिरतं, ते थोपवता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली, बराच वेळ पेटीवर वाकून उभ्या राहिल्या. मग मास्क खाली करून म्हणाल्या, “मावशी, घरच्यांना जवळ बोलवा. आज बोलवा.”

तो फाटकाशी होता. मी नुसतं “चला” म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही. तोवर त्याने मुलीला काचेपलीकडूनच बघितलं होतं. मी त्याला गाऊन घातला, मागचे बंद बांधले, नळाखाली त्याचे हात धरून कोपरापर्यंत धुतले. धुताना तो सारखा म्हणत होता, “गार नाही पाणी, गार नाही.”

पेटीजवळ आला आणि बघत राहिला. मी बरेच बाप बघितलेत. कुणी तोंड फिरवतात, कुणी एकदम बाळाचे पाय मोजायला लागतात. हा कापड बघावं तसं बघत होता, खांद्यापासून खाली, प्रत्येक जोड.

“कापड तिरकं कापलं तर ताण घेतं, मावशी,” तो म्हणाला. “सरळ कापलं तर घेत नाही. आणि शिवणीत माया सोडावी लागते, थोडं जादा कापड. नाही सोडली तर घालणारा पहिल्यांदा वाकला की फाटतो झगा.” मग तिच्याकडे बघतच, “हिला माया सोडलीच नाही कुणी.”

मी मलमाचं भांडं त्याच्यासमोर धरलं. “लावा.”

“मी?”

“दंडाला लावा. दाबायचं नाही. नुसता हात फिरवायचा.”

त्याने दोन बोटांनी मलम घेतलं. खिडकीतून हात आत गेला आणि थांबला. मग टेकला. शिवणीवरून अंगठा फिरवून ती बसवतात ना, तसा तो एका भेगेच्या कडेने फिरवत गेला. दुसरी भेग. तिसरी. मुलीची बोटं वळत नव्हती, ताणलेली होती सगळी. पण तिच्या श्वासाची खरखर जरा कमी झाली. ते त्यालाही ऐकू आलं.

“कळतं हिला?”

“हात कळतो.”

तो लावत राहिला. आणि तेव्हा, त्याचा हात आत असताना, मी बोलले. “हिची आई वर हात लपवून बसलीय. दूध काढायपुरते बाहेर काढते, मग परत चादरीत गुंडाळून ठेवते. हिला लागू नयेत म्हणून.”

त्याचा हात थांबला.

“गुंडाळून?”

“बघितलं नाहीत?”

“बघितलं. मला वाटलं, थंडी वाजते तिला.” त्याने मान खाली घातली. “मी काल वर जाऊन तिला घोंगडी दिली, मावशी. तिने घेतली.”

काचेवर त्याचा श्वास जमला होता. मी तो पुसला नाही.

“वेळ आहे?” त्याने विचारलं.

“डॉक्टर सांगत नाहीत. म्हणजे फार नाही.”

“वर आई बसलीय तिच्याजवळ. उठणार नाही. तिच्यासमोरच सांगावं लागेल.”

“हो.”

“आई मोडेल.”

“मोडेल,” मी म्हटलं.

मी नाही म्हणेन असं त्याला वाटलं होतं का, मला माहीत नाही. त्याने आतला हात हळूच मुलीच्या दंडावरून उचलला आणि क्षणभर पेटीवरच टेकवून ठेवला.

“तुझ्या आईला आणतो,” तो म्हणाला. माझ्याशी नाही.

गाऊन काढताना बंद सुटेना. एरवी कुठलीही गाठ सोडणारा माणूस, पण मलाच सोडावा लागला. मी दारामागून दुसरा, लहान मापाचा गाऊन काढला, झटकून हुकाला अडकवला आणि पडदा अर्धा सारला. जिना आमच्या दारासमोरच आहे.

वॉचमनने त्याला बघून काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली, थांबला नाही. बोटांवरचं मलम त्याने पुसलं नव्हतं, म्हणून कठड्याला हात न लावता तो भिंतीच्या बाजूने, आवाज न करता, एक एक पायरी चढू लागला.